आवास-किहीमला सोळा जणांसाठी व्हिला घ्यायचा आहे, काय काय पाहून घ्यावं?

मुलुंडची_मेघना

नमस्कार मंडळी. जानेवारीअखेर आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत. हॉल घेऊन जेवणावळ घालण्यापेक्षा सगळ्यांनी दोन रात्री एका छपराखाली राहावं, अशी बाबांची इच्छा आहे. आम्ही सोळा जण: आई-बाबा, आत्या, आम्ही तिघं भावंडं जोडीदारांसह, भावाचे सासू-सासरे आणि पाच मुलं. सगळ्यात धाकटी अडीच वर्षांची. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती वॉकर घेऊन चालते.

अलिबाग परिसरातल्या दोन जागांवर येऊन थांबलोय.

एक आवासला. अगदी समुद्रासमोर, सहा बेडरूम, मोठा पूल, सगळं नवंकोरं. जाहिरातीत 'खासगी बीच' असं लिहिलंय. शनिवार-रविवारचं भाडं रात्रीला ६५ हजार, वर कर, शिवाय २५ हजार अनामत.

दुसरी किहीमला, नारळाच्या वाडीत. जुनं कौलारू घर नीट दुरुस्त केलेलं, पाच बेडरूम आणि वर एक माडी, छोटा पूल. समुद्र चालत पाच-सात मिनिटांवर. रात्रीचे ४२ हजार.

एवढे पैसे आम्ही राहण्यावर आजवर कधी खर्च केलेले नाहीत, म्हणून विचारते. खासगी बीच ही काय भानगड असते? आत्याला घेऊन बोटीने जावं की गाडीने? आणि बयाणा देण्याआधी मालकाला काय विचारून घ्यावं?

वरसोलीकर

मेघनाताई, आधी त्या खासगी बीचचं सांगतो, कारण असल्या जाहिराती वाचून आम्हा इथल्या लोकांच्या डोक्यात तिडीक जाते. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत एकही किनारा कुणा बंगलेवाल्याच्या मालकीचा नाही. भरतीचं पाणी पोचतं तिथवरची वाळू सरकारची, म्हणजे तुमची-माझी. बंगल्याचं मागचं फाटक थेट वाळूवर उघडतं, एवढंच त्या जाहिरातीत खरं आहे. तिथून कोळी जाळी घेऊन जाणार, गावातली पोरं संध्याकाळी क्रिकेट खेळणार. कुठला रखवालदार त्यांना हटकत असेल तर तो चुकीचं करतोय. आणि किहीमच्या वाडीत राहून पाच मिनिटं चालत गेलात तरी त्याच वाळूवर तुमचाही तितकाच हक्क आहे.

आता भूगोल. मांडवा बंदर गेटवेच्या थेट समोर, लाँचने तासाभराचं अंतर. त्यामुळे मुंबईतल्या पैसेवाल्या घराण्यांनी खूप आधीपासून अलिबागच्या उत्तरेला बंगले बांधले: मांडवा, सासवणे, आवास, किहीम, थळ. उद्योगपती, क्रिकेटपटू, सिनेमावाले सगळे याच पट्ट्यात. उंच भिंती, अरुंद गल्ल्या, बाहेर पाटीसुद्धा नाही. अलिबागच्या दक्षिणेला अक्षी-नागावची तऱ्हा निराळी. तिथे घरगुती कॉटेज, पाण्यातले खेळ, शनिवार-रविवारी झुंबड. तुम्हाला शांतता हवी असेल तर उत्तरेकडचा पट्टा बरोबर निवडलाय.

एक लक्षात ठेवा, किहीमच्या किनाऱ्यावर बरेच खडक आहेत. फिरायला, शंख-शिंपले वेचायला सुंदर, पण लहान मुलांना पाण्यात सोडायला नाही.

पुणेरी_पायपीट

स्पष्टच बोलतो. ६५ हजार अधिक १८ टक्के म्हणजे रात्रीचे ७६,७०० झाले. दोन रात्रींचे १,५३,४००. जेवण, गाडी, बोट वेगळंच. एवढ्यात सोळा जणांना चांगल्या रिसॉर्टमध्ये आठ खोल्या, नाश्ता, जेवण, लिफ्ट, डॉक्टर ऑन कॉल असं सगळं मिळेल. व्हिला ही श्रीमंतीची हौस आहे, सोयीची जागा नव्हे.

मुलुंडची_मेघना

रिसॉर्टचा विचार केला होता. पण आठ खोल्या म्हणजे आठ दारं. जेवणं झाली की जो तो आपापल्या खोलीत जाणार. बाबांना रात्री अंगणात सतरंजी टाकून सगळ्यांनी गप्पा मारायच्या आहेत. आत्याला मागच्या सुट्टीत लिफ्टपर्यंत चालणंही जड गेलं होतं. घर हवंय, म्हणूनच हा खटाटोप.

चौलची_वाडी

मी स्वतः चौलला वाडीतलं घर भाड्याने देतो, त्यामुळे मालकाच्या बाजूने थोडं सांगतो.

भाड्याचा आकडा वाराप्रमाणे बदलतो. शुक्रवार ते रविवार आणि सोमवार ते गुरुवार यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तुमचा सोहळा आठवड्याच्या मध्ये धरता आला तर तेच घर बऱ्याच कमी पैशांत मिळेल. मुलांच्या शाळा बुडतील, पण दोनच दिवस. ३१ डिसेंबर आणि २६ जानेवारीला जोडून आलेल्या सुट्ट्या मात्र टाळाच. तेव्हा भाव दुप्पट होतो आणि रस्ताही तुंबतो.

कराबद्दल: रात्रीचं भाडं साडेसात हजारांच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के. पूर्ण घर एकच युनिट धरतात, त्यामुळे माणशी हिशोब करून तो खाली येत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या मालकाला नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे थेट त्याच्याकडून घेतलं तर कर लागणार नाही. पण तेच घर ऑनलाइन पोर्टलवरून घेतलंत तर पोर्टल कर लावतं. कुणी कर मागत असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक हवाच, आणि तो सरकारी पोर्टलवर टाकून बघा कुणाच्या नावावर आहे. बिल न देता कर मागणारे भेटतात, त्यांना एक रुपयाही देऊ नका.

आता प्रश्न. मी पाहुणा असतो तर हे विचारलं असतं:

जनरेटर आहे का, आणि तो एसी उचलतो की नुसते दिवे-पंखे? इथे वीज जाते, कधी चार-चार तास. 'पॉवर बॅकअप आहे' या वाक्यात इन्व्हर्टरही बसतो आणि साठ केव्हीएचा जनरेटरही.

तळमजल्यावर खोल्या किती, आणि त्यांना जोडून संडास-बाथरूम आहे का? तुमच्या आत्यासाठी हा सगळ्यात मोठा प्रश्न. नव्या बंगल्यांत दिसायला छान म्हणून जागोजाग दोन-दोन पायऱ्या दिलेल्या असतात. बैठकीतून जेवणाच्या जागेत दोन पायऱ्या खाली, पूलकडे तीन, शॉवरला उंबरठा. फोटोत हे कळत नाही. व्हिडिओ कॉल करून केअरटेकरला फाटकापासून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंत चालत यायला सांगा.

सोळा जणांचे पलंग आहेत, की बारांचे पलंग आणि चौघांना खाली गाद्या? गाद्यांचे वेगळे पैसे घेतात का? दिवसा भेटायला येणारे नातेवाईक मोजतात का? अनामत किती दिवसांत परत करणार, हे लेखी घ्या. आत शिरल्याबरोबर सगळ्या खोल्यांचा एक व्हिडिओ काढून त्याच क्षणी मालकाला पाठवा. आधीच फुटलेल्या काचेचे पैसे मग कुणी मागत नाही.

कायद्याची_पायवाट

रायगडात वकिली करते. समुद्रासमोरच्या घराबद्दल एक गोष्ट पाहुण्यांनीही जाणून घ्यावी.

२०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर हा ना-विकास पट्टा होता. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत तो ५० मीटरवर आणला, विरळ वस्तीच्या भागात २०० मीटरच ठेवला. त्या पट्ट्यात जुनी अधिकृत घरं दुरुस्त करता येतात, नवे बंगले उभारता येत नाहीत. तरी ते उभे राहिले. अलिबाग आणि मुरूड तालुक्यांतल्या अशा बांधकामांवरून उच्च न्यायालयात याचिका झाल्या, नोटिसा निघाल्या. मार्च २०१९ मध्ये किहीमचा नीरव मोदीचा बंगला स्फोटकं लावून पाडला, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. बाकीची बरीच प्रकरणं स्थगितीवर, अपिलात रेंगाळलेली.

तुम्ही विकत घेत नाही, दोन रात्री राहताय. पण ज्या घरावर कारवाई सुरू आहे तिथे दिलेला बयाणा अडकू शकतो. म्हणून गट नंबर विचारा. महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा विनाशुल्क पाहता येतो. मालकाचं नाव आणि तुमच्याकडून पैसे घेणाऱ्याचं नाव जुळतं का, नसेल तर भाड्याने द्यायचा अधिकार त्याच्याकडे कसा आला, हे विचारा. बिगरशेती आदेश आणि पर्यटन संचालनालयाची नोंदणी असेल तर चांगला मालक ती कागदपत्रं आनंदाने दाखवतो. कागद मागितल्यावर आवाज चढवणाऱ्याचं घर सोडून द्या.

मस्कतवासी

वरच्या मुद्द्याला जोडून. माझ्या मावसभावाचे ४० हजार असेच गेले. समाजमाध्यमावर व्हिलाचं पान होतं, फोटो खरे, घरही खरं, फक्त पान चालवणारा भलताच माणूस. 'आजच बुक केलं तर तीस टक्के सूट' म्हणून घाई केली, यूपीआयने पैसे घेतले आणि नंबर बंद. कुटुंब मांडव्याला उतरल्यावर कळलं.

असं झालंच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात. पण त्याआधीचा उपाय सोपा आहे: फोटो गूगलवर उलटा शोधून पाहा, आणि गावातलं कुणीतरी फाटकापर्यंत जाऊन येईल अशी व्यवस्था करा. आम्ही परदेशात राहणारी माणसं लांबून बुकिंग करतो तेव्हा हेच करतो.

वरसोलीकर

मेघनाताई, ती दोन्ही घरं मी बघून येतो. रविवारी किहीमजवळच्या चोंढीला कामच आहे.

धक्का_ते_मांडवा

प्रवासाबद्दल लिहितो, मी या पाण्यावरून नेहमी ये-जा करतो.

गेटवेहून सुटणाऱ्या लाँच आणि कॅटमरान स्वस्त आहेत, तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस येते. पण गेटवेला पायऱ्या उतरून हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो, कधी एका बोटीतून दुसरीत. वॉकर घेतलेल्या माणसाला मी तिकडून नेणार नाही.

तुमच्यासाठी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. मार्च २०२० पासून सुरू आहे, गाड्या आत घेते, साधारण तासाभरात मांडवा. मुलुंडहून ईस्टर्न फ्रीवे पकडलात की धक्का लांब नाही. तीन गाड्यांत सोळा जण बसवा, गाड्या बोटीत, उतरल्यावर थेट व्हिलाच्या दारात. तिकिटं आधी काढा आणि चढण्या-उतरण्यासाठी चाकाची खुर्ची लागणार हे कंपनीला फोन करून आधीच सांगून ठेवा. मुलांना वरच्या डेकवर घेऊन जा. थंडीत सीगल पक्षी बोटीच्या मागे येतात आणि उजव्या हाताला लांबवर खांदेरी-उंदेरी हे जलदुर्ग दिसतात. खांदेरी आता युनेस्कोच्या यादीत आहे, २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये तिचंही नाव लागलं.

गाडीने पूर्ण रस्ता करायचा तर पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड. शुक्रवारी संध्याकाळी जाताना आणि रविवारी संध्याकाळी येताना वडखळला अडकायची तयारी ठेवा. अटल सेतूचा मुलुंडकरांना काही फायदा नाही, उगीच टोल भराल.

नाशिकचा_डॉक्टर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. पाच मुलं, त्यातलं एक अडीच वर्षांचं, आणि पूल. या धाग्यात अजून त्यावर कुणी बोललेलं नाही म्हणून कळकळीने लिहितोय.

लहान मूल बुडतं तेव्हा आवाज होत नाही. ते हात हलवत नाही, ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की काही मिनिटांत मेंदूला इजा होते. आणि हे बहुतेक वेळा भरल्या घरात घडतं, कारण दहा मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणी बघतोय.

व्हिलांच्या पूलवर जीवरक्षक नसतो. मालकाला विचारा: पूलला कुंपण आणि कडी असलेलं दार आहे का? बैठकीची काचेची सरकती दारं थेट पूलकडे उघडतात का, आणि त्यांना वरच्या बाजूला खिटी आहे का? खोली किती? चार फूट ही मोठ्यांना उथळ वाटते, अडीच वर्षांच्या मुलाला ती विहीर आहे. पाण्यातल्या दिव्यांच्या वायरिंगला गळती-रक्षक स्विच (वीज गळली की पुरवठा तोडणारा) बसवलाय का, हेही विचारा.

आणि घरात एक नियम करा. अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावा. पाळीवरच्या माणसाने फोन दुसऱ्याकडे द्यायचा, पेला हातात घ्यायचा नाही, फक्त पाण्याकडे बघायचं. पाळी संपली की पुढच्याला नाव घेऊन सांगायचं, 'आता तू.' फुगवलेल्या बाह्या आणि रिंगा यांच्यावर विसंबू नका. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, १०८ ला फोन लावता येतो, पण पहिली पाच मिनिटं तुमच्याच हातात असतात. मोठ्यांपैकी दोघांनी तरी सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवायची पद्धत, शिकून जा.

मुलुंडची_मेघना

डॉक्टर, हे वाचून अंगावर काटा आला. भाऊ आणि वहिनी या रविवारी सीपीआरच्या वर्गाला जाताहेत, मी लगेच नाव नोंदवलं.

किहीमची_लेक

मी किहीमची. माझ्या आईने पंधरा-वीस वर्षं बंगल्यांवर स्वयंपाक केला. आता मी पुण्यात नोकरी करते. फाटकाच्या आतली बाजू सांगते.

केअरटेकर म्हणजे बहुतेक गावातलंच जोडपं. तो माळीकाम, पूल, जनरेटर बघतो, ती झाडलोट आणि स्वयंपाक. पाहुणे रात्री दोन वाजता चहा मागतात तेव्हा तीच उठते, आणि सकाळी सातला नाश्ताही तिनेच करायचा असतो. बुकिंग करताना विचारा की स्वयंपाकाचे माणशी जे पैसे घेता त्यातले तिला किती मिळतात. मालकाला हा प्रश्न आवडणार नाही, तरी विचारा. सोळा जणांचं तीन वेळचं एकटीवर टाकू नका, मदतीला आणखी एक बाई लावायला सांगा आणि तिचे पैसे तुम्ही द्या. निघताना जे काही द्यायचं ते तिच्या हातात द्या. ताई म्हणून हाक मारा, नाव विचारा.

जेवणाचं मेनूकार्ड बाजूला ठेवा. पनीर आणि मंचुरियन तुम्हाला मुलुंडला मिळतं. आदल्या दिवशी फोन करून सांगा, 'तुमच्या घरी करता तसं करा.' तांदळाची भाकरी, कोलंबीचं सुकं, वालाचं बिरडं. जिताडा मिळाला तर सोडू नका, इकडे जावयाला जिताडा खिलवतात.

आणि जानेवारीत जाताय तर पोपटी लावायला सांगाच. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये अंडी, बटाटे, रताळी, खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात गुंडाळून, वर पुन्हा शेंगा आणि पाला. मडकं तोंडावर उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, झावळ्या रचून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने वास सांगतो झालं म्हणून. शाकाहारी मडकं वेगळं लावता येतं. तुमच्या बाबांना अंगणात सगळे एकत्र बसायला हवेत ना? याहून चांगलं निमित्त नाही.

दोन गोष्टी कळकळीच्या. गाणी लावा, नाचा, पण रात्री दहानंतर बाहेर स्पीकर नको. तो कायदाच आहे, आणि भिंतीपलीकडे माझ्यासारख्यांची घरं आहेत. पहाटे समुद्रावर जाणारा माणूस तिथे झोपलेला असतो. दुसरं पाणी. पूल आणि हिरवळीसाठी बोअरिंगमधून उपसा इतका होतो की किनाऱ्याजवळच्या विहिरींत खारं पाणी शिरतं. एप्रिल-मेमध्ये गावात टँकरची वाट बघतात आणि शेजारी हिरवळीवर फवारे चालू असतात. पाहुणा म्हणून तुम्ही एवढं करू शकता: मालकाला विचारा पाणी कुठून येतं, पावसाचं पाणी साठवता का. दहा पाहुण्यांनी विचारलं की अकराव्या वेळी तो टाकी बांधतो.

पुणेरी_पायपीट

किहीमची लेक, हे वाचून माझं मत बदललं. पोपटी रिसॉर्टमध्ये मिळणार नाही, आणि मिळाली तरी ती अशी नसेल. मेघना, वाडीतलं घर घ्या.

वरसोलीकर

दोन्ही घरं बघून आलो.

आवासचं घर देखणं आहे यात शंका नाही. समोर समुद्र, खालपासून वरपर्यंत काच. पण तळमजल्यावर एकच खोली आणि तिच्या बाथरूमला सहा इंचांचा उंबरठा. पूल बैठकीला चिकटून, कुंपण नाही. जनरेटर आहे, मोठा आहे. रस्ता शेवटी इतका अरुंद की समोरून गाडी आली तर मागे घ्यावी लागेल. फाटक वाळूवर उघडतं, पण वाळूवर उतरायला नऊ-दहा दगडी पायऱ्या आहेत. आत्याबाई समुद्र बघतील, समुद्रावर जाणार नाहीत.

किहीमचं घर: तीन खोल्या खाली, दोन वर, माडीवर मुलांना मोकळं रान. ओटीला एक पायरी, तिथे केअरटेकरने लाकडी उतार करून द्यायचं कबूल केलं. पूल घराच्या मागे, कमरेइतक्या उंचीचं कुंपण, दाराला कडी. जनरेटर लहान, खालच्या तीन खोल्यांचे एसी उचलतो, वर पंखे. जानेवारीत वर एसी लागणारही नाही. पाणी ग्रामपंचायतीचं आणि विहिरीचं, छपराचं पाणी विहिरीत सोडलंय, ते मी डोळ्यांनी पाहिलं. समुद्राकडे जाणारी पायवाट सुरूच्या झाडांतून, सपाट, शेवटी थोडी मऊ वाळू.

माझं मत विचाराल तर किहीम. पैशांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तेच.

मुलुंडची_मेघना

दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. अनोळखी माणसासाठी कोण एवढं करतं!

किहीम नक्की केलं. मंगळवार ते गुरुवार घेतलं म्हणून मालकाने ३४ हजारांवर आणलं. सातबारा पाहिला, नाव जुळलं. स्वयंपाकाला दोन बाया सांगितल्यात. बाबा शिल्पकलेचे चाहते आहेत, जवळपास दाखवण्यासारखं काही?

धक्का_ते_मांडवा

सासवण्याचं करमरकर शिल्पालय. आवासच्या जरा अलीकडे, मांडव्याहून येताना वाटेतच. विनायक करमरकर तिथलेच. पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी शाळेतला १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. अंगणातली म्हैस आणि कोळीण बघताना बाबा तास-दीड तास सहज काढतील. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याला जायचं तर ओहोटीची वेळ बघून जा, पाणी चढायच्या आत परत या.

मुलुंडची_मेघना

मंडळी, जाऊन आलो. थोडक्यात लिहिते, पुढच्यांना उपयोगी पडेल.

रो-रोवर चाकाच्या खुर्चीसाठी आधी कळवलं होतं, काहीच अडचण आली नाही. पूलची पाळी कागदावर लिहून फ्रिजला लावली, मुलांनीच ती मोठ्यांकडून पाळून घेतली. दुसऱ्या रात्री सव्वातीन तास वीज नव्हती, खालच्या खोल्या जनरेटरवर छान चालल्या, वरच्यांनी माडीच्या खिडक्या उघडल्या. आत्या त्या लाकडी उतारावरून स्वतः ओटीवर आली आणि दोन्ही दिवस तिथेच तिचा दरबार भरला.

खर्च: घर ६८ हजार, मालकाची जीएसटी नोंदणी असल्याने कर १२,२४०, बिल मिळालं. स्वयंपाक माणशी दिवसाला १,४०० ठरला होता, दोन्ही ताईंना आम्ही वेगळे दिले. पोपटीचे पैसे त्या घेईनात, खूप आग्रहाने दिले. अनामत चौथ्या दिवशी परत आली.

बाबा-आईंनी पोपटीच्या जाळाशेजारी बसून त्यांच्या लग्नाची सगळी हकिगत सांगितली. नातवंडांनी ती पहिल्यांदाच ऐकली, आणि खरं सांगते, अर्धी आम्हालाही ठाऊक नव्हती.

नव्याने_आलेली

सगळा धागा वाचून काढला, फार उपयोगी आहे. आम्हाला जुलैमध्ये जायचंय, पावसात भाडं निम्मं होतं असं ऐकलं. घ्यावं का?

वरसोलीकर

घ्या, पण समुद्रासाठी घेऊ नका. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत गेटवेच्या लाँच बंद असतात. रो-रो हवामान बघून चालते, आयत्या वेळी रद्द होऊ शकते, त्यामुळे रस्त्याने यायची तयारी ठेवा. पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभरसुद्धा नाही. दरवर्षी इथे बाहेरून आलेली तरणी पोरं बुडतात आणि आमच्या गावातली माणसं त्यांना शोधायला होड्या घालतात.

घर घेताना कौलं गळतात का ते विचारा, आणि वीज जास्त वेळ जाते म्हणून जनरेटरचं डिझेल कोण भरणार हेही लेखी घ्या. बाकी वाडी तेव्हा जी दिसते ती जानेवारीत दिसत नाही. किहीमला सुगरणींची घरटी लोंबायला लागलेली असतात. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी सुगरणीचा अभ्यास केला तो याच गावात. दुर्बीण असेल तर आणा, आणि येण्याआधी मला इथे निरोप टाका, कुठल्या झाडांवर घरटी लागलीत ते बघून सांगतो.